पाच स्वरांची मर्यादा

कलेवरील बंधने कलावंताची प्रेरणा खच्ची करतात की तिलाच खतपाणी घालतात, या प्रश्नाचा विचार हिंदुस्थानी रागसंगीताच्या आधारे करणे सोयीचे ठरते. कारण या संगीतात काय गायचे नाही, हे गाणे सुरू होण्याआधीच ठरलेले असते. पुढील संवादात पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप मांडणारी बाजू, बंधनांविषयी साशंक आहे, तर उत्तरपक्ष त्यांची पाठराखण करतो.

पूर्वपक्ष : भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे अजिबात न लावण्याचे स्वर, मानले जातात आणि गायकाच्या हाती षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम व धैवत एवढेच उरतात. ज्याच्या गळ्यात बाराही स्वर फिरतात, त्याने पाचांतच समाधान मानावे, ही अपेक्षा अन्यायाची नाही काय?

उत्तरपक्ष : हेच पाच स्वर देशकारातही आहेत, हे आपण विसरता. भूपात गांधार वादी, म्हणजे रागाचा प्रमुख स्वर, आणि धैवत संवादी, म्हणजे त्याच्या खालोखाल महत्त्वाचा. देशकारात हे नाते उलटते, ऋषभ दुबळा होतो, विस्ताराचा भर उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात जातो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायल्या जाणाऱ्या रागाच्या जागी सकाळचा राग उभा राहतो. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळले की जाणकाराला देशकाराचा भास होतो. त्यामुळे कोठे किती थांबायचे, हा आलापागणिक घ्यावा लागणारा निर्णय होऊन बसतो, आणि किशोरी आमोणकरांच्या भूपात जी तृप्ती जाणवते, ती असे निर्णय अचूक पडत गेल्याची असते.

पूर्वपक्ष : असेल; पण 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती. ही मर्यादा यंत्राने लादलेली. तीही पोषकच, असे आपण म्हणणार काय?

उत्तरपक्ष : सरसकट नाही. तीन मिनिटांत संथ लयीतली बढत, म्हणजे रागाचा क्रमाक्रमाने होणारा विस्तार, मावत नाही, हे नुकसानच होय. मात्र रागाचा अर्क तेवढ्यात उतरवण्याची हातोटी ज्यांनी साधली, त्यांच्यापुरते ते बंधन आपलेसे झाले. बंधन कोणी घातले यापेक्षा कलावंताने ते समजून-उमजून पत्करले की नाही, यावर त्याचे समाधान अवलंबून असते.

येथे उत्तरपक्ष मूळ भूमिकेपासून बराच मागे सरकला आहे, हे नोंदवायला हवे, आणि पूर्वपक्ष नेमके तेच हेरतो.

पूर्वपक्ष : मग ज्या विद्यार्थ्याला गुरू वर्षानुवर्षे एकच राग घोटायला लावतो, त्याला बंधनाचे मर्म ठाऊकच नसताना त्याची संमती कसली?

उत्तरपक्ष : ती उशिरा येते, हे मान्य. सुरुवातीचा काळ तो गुरूवरच्या श्रद्धेवर काढतो. एकदा गांधार मनाजोगा लागला, की मग रियाजाला बसवावे लागत नाही.

पूर्वपक्ष : तो लागायच्या आधीच ज्यांचा तानपुरा सुटला, त्यांची साक्ष मात्र कोणी काढत नाही, बंधनांचे गोडवे गाणारे सारे त्यांतून पार पडलेलेच असतात.