घासलेला दगड आणि सोसलेला माणूस

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिचा अर्थ तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. नापास झालेल्या मुलाला ती ऐकवली जाते, नोकरी गेलेल्या तरुणाला ऐकवली जाते, आणि मयताच्या घरीही कोणीतरी तिचेच दुसरे रूप घेऊन येतो : 'देव ज्याला घडवतो, त्यालाच घासतो.' ऐकणारी आई मान हलवते. ती काय म्हणणार?

या म्हणीला अलीकडे एका यंत्राची जोड मिळाली आहे. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनी १९९५ साली एका मुलाखतीत लहानपणीची आठवण सांगितली होती. शेजारच्या वृद्ध गृहस्थाने मोटर, कॉफीचा डबा आणि पट्टा जोडून केलेले एक यंत्र त्यांना दाखवले. परसातले साधे ओबडधोबड दगड, थोडे पाणी आणि थोडी भुकटी डब्यात घालून यंत्र सुरू केले. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर आतून सुंदर, चकचकीत दगड निघाले. हुशार माणसेही अशीच एकमेकांवर घासत, वाद घालत एकमेकांना चमक आणतात, असे जॉब्ज यांचे सांगणे. गोष्ट छान आहे. प्रवचनांत, शिबिरांत, विवाहपूर्व मार्गदर्शनात ती या ना त्या रूपात हमखास येते.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक सवय लावली गेली होती. उपमा हाती आली की ती अर्ध्यावर सोडायची नाही, शेवटपर्यंत चालवून पाहायची. तेव्हा ही उपमा खरोखर काय सांगते ते पाहू. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त काकांना हा छंद आहे. त्यांच्या पडवीत बसून मला जे कळले ते असे.

पहिली गोष्ट, दुसऱ्या दिवशी काही होत नाही. काकांच्या पिंपात असतो अकीक. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातला हा दगड जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नाशिककडे शेतांत आणि नदीपात्रांत सापडतो. तो काचेपेक्षा कठीण, पोलादी सुरीने ओरखडा न उठणारा. असा दगड गुळगुळीत व्हायला पिंप रात्रंदिवस साधारण महिनाभर फिरावे लागते. पहिला आठवडा भरड भुकटी, ६० ते ९० नंबरची. मग १२० ते २२० नंबरची. मग ५०० नंबरची. आणि शेवटी चकाकीसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पिठासारखी पूड. दगडाच्या वजनाचा मोठा वाटा पहिल्याच टप्प्यात झडून जातो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. दगड एकमेकांना घासून चमकतात, हे अर्धसत्य आहे. नुसते दगड आणि पाणी घालून पिंप फिरवले तर ते एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्या कडांचे टवके उडतात. काम करते ती कार्बोरंडमची भुकटी. ती अकिकापेक्षाही कठीण असते. शिवाय पिंप दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेले हवे, म्हणजे दगड घसरत खाली येतात. ते कमी भरले की दगड उंचावरून पडतात आणि फुटतात. दगड कमी असतील तर काका त्यात प्लास्टिकचे दाणे घालतात, आघात झेलायला.

तिसरी गोष्ट ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. पिंपात टाकण्याआधी काका प्रत्येक दगड ओला करून उजेडात धरतात. ज्याला तडा आहे तो बाजूला. मग कठीणपणा पाहतात. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकिकाबरोबर कॅल्साइटचे आणि स्टिलबाइटचे सुंदर स्फटिक मिळतात. पण ते मऊ. अकिकाबरोबर एका पिंपात टाकले तर त्यांना चमक येत नाही, ते नाहीसे होतात. महिन्याने पिंप उघडाल तर अकीक चकचकीत आणि स्टिलबाइटच्या जागी करडा चिखल.

आता ही उपमा आपल्या घरात आणून पाहा. 'सुनेने थोडे सोसावे, सासर माणसाला घडवते,' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या घरात कठीण कोण आणि मऊ कोण, हे कोणी पाहिलेले असते का? वर्गात छडी खाल्लेला एक विद्यार्थी पुढे मोठा अधिकारी होतो आणि सत्कारात सांगतो, 'सरांच्या छडीमुळे मी घडलो.' टाळ्या पडतात. त्याच वर्गातला जो मुलगा छडीच्या भीतीने सातवीत शाळा सोडून गेला, त्याला सत्काराला कोण बोलावणार? आपण नेहमी पिंपातून निघालेले दगड मोजतो. चिखल मोजत नाही.

आणि पिंपाला निदान एक राखणदार असतो. तो दगड निवडतो, आठवड्याने झाकण उघडतो, दगड धुतो, एखादा फुटू लागला तर काढून घेतो, आणि पुरे झाले की थांबवतो. आयुष्यातल्या बहुतेक दुःखांना असे झाकण उघडणारे कोणी दिसत नाही. तिथे नदीची उपमा अधिक खरी. गोदावरीचा प्रवाहही दगड घासतो. त्यातून गोल गोटे होतात हे खरे, पण वाळूही त्यातूनच होते.

एक तात्त्विक मुद्दा इथे सांगायला हवा. अ‍ॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स' या ग्रंथात लाकडातल्या हर्मीसचे उदाहरण दिले आहे. मूर्ती लाकडात असते ती शक्यता म्हणून. कारागिराने कोरल्यावर ती प्रत्यक्षात येते. आपली टाकीची म्हण याच जातीची आहे. घाव घालण्यापूर्वी त्या पाषाणात देव नव्हता, आणि घाव घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूर्ती होती. अकिकाचे तसे नाही. त्याचे पट्टे शक्यता म्हणून नसतात, ते प्रत्यक्षच असतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला, आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले. हे सगळे घडले ते बंद पोकळीत, अंधारात, कोणी न घासता. घासण्याने नक्षी निर्माण झाली नाही. घासण्याने फक्त खडबडीत पृष्ठभाग सपाट झाला, त्यामुळे त्यावर पडणारा उजेड विखुरला जात नाही आणि आतले पट्टे दिसतात.

हे पट्टे घासल्याशिवायही दिसतात. दगड पाण्यात धरा. काका तेच करतात, आणि ओल्या दगडात जे दिसते ते जवळजवळ तेच असते, जे महिनाभर पिंप फिरवून मिळते. अर्थात पाणी वाळले की दगड पुन्हा करडा. पण नक्षी होती, हे तेवढ्यात कळलेले असते. एखाद्या अबोल माणसाशी कोणी दोन घटका मायेने बोलले की तो कसा खुलतो, हे आपण पाहतोच. तेव्हा दुःखाने त्याला घडवले असे म्हणताना, त्याच्यात जे आधीच होते त्याचे श्रेय आपण दुःखाला तर देत नाही ना?

कोणी म्हणेल, फादर, मग घर्षण नकोच का? तसे मला म्हणायचे नाही. मैत्रीत, संसारात, मंडळाच्या सभेत माणसे एकमेकांवर घासली जाणारच, आणि त्यातून आपल्या काही टोकदार कडा जातात, हा माझाही अनुभव आहे. फक्त तिथे दोघांचा कठीणपणा साधारण सारखा असावा लागतो, मध्ये थोडे पाणी असावे लागते, आणि झाकण आतूनही उघडता यावे लागते. ज्याला पिंपातून बाहेर पडताच येत नाही, त्याच्या सोसण्याला शिस्त हे नाव देणे मला पटत नाही. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९३४-३५ मध्ये कारखान्यांत यंत्रावर मजुरी केली आणि पुढे एक भेद मांडला. एक दुःख असते जे माणूस पेलतो. आणि एक आपत्ती असते जी माणसाला आतून चिरडते, त्याचा 'मी'च हिरावून घेते. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. घोटाळा तिथेच आहे.

दगड घासणाऱ्याचेही काहीतरी झडते, हे आपल्या शेजारच्या गुजरातेत पाहायला मिळते. खंभात हे अकिकाच्या मण्यांचे फार जुने गाव. रतनपूरच्या खाणींतून दगड येतो, भट्टीत हळूहळू तापवला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो, मग फोडून, घासून, भोक पाडून मणी. जपमाळांतही हे मणी असतात. निर्गमच्या २८व्या अध्यायात महायाजकाच्या ऊरपटावर जी बारा रत्ने सांगितली आहेत, त्यांत अनेक भाषांतरकार अकीक मोजतात. इतका या दगडाचा मान. पण खंभातमध्ये चाकावर कोरडा दगड घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुफ्फुसांत बसते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर इलाज नाही, आणि तो झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कारागिरांचे अभ्यास केले आहेत. सिलिकोसिस कारखाना कायद्याच्या यादीत होता, पण काम घरोघरी अंगणात चालते, त्यामुळे त्या कायद्याचे संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. धूळ मात्र पोहोचते, बायकामुलांपर्यंत आणि शेजाऱ्यांपर्यंतही. काकांच्या पिंपात पाणी असते म्हणून धूळ उडत नाही, तिचा गाळ होतो. फरक एवढाच, पाण्याचा. पण तो जगण्यामरण्याचा फरक आहे.

'आमचे वडील फार कडक होते, म्हणून आम्ही भावंडे घडलो,' असे कोणी अभिमानाने सांगितले की मला आता विचारावेसे वाटते, त्या घरात धूळ कोणी गिळली? बहुधा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कोणीतरी ती गिळलेली असते.

मला वाटते, इथे व्याकरणाचा एक साधा नियम पाळता येईल. 'दुःखाने मला घडवले' हे वाक्य ज्याचे दुःख त्याने म्हणावे. त्याला तो हक्क आहे, आणि तो म्हणत असेल तर ऐकणाऱ्याने वाद घालू नये. पण 'दुःख तुला घडवत आहे' हे दुसऱ्याने म्हणायचे नाही. पहिल्या वाक्यात माणूस आपल्या आयुष्याचा अर्थ लावतो. दुसऱ्या वाक्यात आपण त्याच्या वतीने अर्थ लावून मोकळे होतो, आणि घरी जाऊन जेवतो.

मग मयताच्या घरी म्हणायचे काय? माझ्याकडे तयार वाक्य नाही, आणि ते कोणाकडे असावे असेही मला वाटत नाही. आमच्या एका मावशींचा मुलगा रेल्वे अपघातात गेला. तीन वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो असता त्या म्हणाल्या, ''फादर, लोक म्हणतात मी खंबीर झाले. खंबीर नाही झाले हो. कमी झाले.'' नंतर त्यांनी चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत कपाटातून मुलाचे बारावीचे गुणपत्रक आणले. गणितात ९१ होते. त्या विषयावर त्यांनी बोट ठेवले आणि चष्मा पुसून मला वाचायला दिले.