थोडं सरकून घ्या

'ॲडजस्ट' हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण तो इतका वापरला की आता मूळ मालक परत मागायला आला तरी त्याला तो ओळखू यायचा नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर दोन बटाटे घालून ॲडजस्ट करतात. महिन्याच्या हिशेबात दोनशे रुपये लागत नसले तर 'किरकोळ' या सदरात ते ॲडजस्ट होतात. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकाशी चौथा माणूस येऊन "जरा ॲडजस्ट करा हो" म्हणतो आणि उरलेला प्रवास अर्ध्या मांडीवर करून वर समाधानी दिसतो. लग्न जमवताना तर या शब्दावाचून पान हलत नाही. मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, गाणं येतं, हे सगळं झाल्यावर मुलाची आई आवाज खाली आणून विचारते, "आणि स्वभावाने ॲडजस्टेबल आहे ना?" मुलगा ॲडजस्टेबल आहे का, असं कोणी विचारल्याचं माझ्या तरी कानांवर नाही.

हा शब्द त्याच्या खऱ्या, मूळच्या अर्थाने मला भेटला तो एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर. खिडकीला गुंडाळीचा पडदा लावतात ना, ज्याला रोलर म्हणतात तो, त्याची दांडी ज्यांच्यावर टेकते ती दोन ब्रॅकेटं त्या खोक्यात होती. इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पत्र्याची पट्टी, बाकी काही नाही. साध्या ब्रॅकेटला स्क्रूसाठी गोल भोकं असतात. ॲडजस्टेबल ब्रॅकेटला त्यांच्या जागी लांबट खाचा असतात. स्क्रू भिंतीत आपल्या ठिकाणी राहतो आणि ब्रॅकेट खाचेच्या लांबीइतकं वरखाली किंवा मागेपुढे सरकतं. एवढंच. गोल भोक ताणून लांब केलं की वस्तू ॲडजस्टेबल होते. माणसांच्या बाबतीतही बहुधा असंच काहीतरी करत असावेत.

आता तुम्ही म्हणाल, मुळात सरकायची गरज काय? भोक पाडतानाच नीट मापून पाडावं. असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी खिडकी मोजलेली नसते. खिडकी चौकोनी असते हा आपला चौथीच्या चित्रकलेपासूनचा समज. प्रत्यक्षात गवंड्याचा ओळंबा, सुताराचा गुण्या आणि ठेकेदाराची घाई यांच्या भांडणातून जे शिल्लक राहतं त्याला खिडकी म्हणतात. म्हणून चौकटीच्या आत पडदा बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची आणि सगळ्यांत कमी भरेल ते माप धरायचं, असा या धंद्यातला नियमच आहे. एकाच वस्तूची तीन मापं आणि तिन्ही निराळी, हा प्रकार यापूर्वी मी फक्त जमिनीच्या वाटणीत पाहिला होता.

बरं, दांडी जराशी तिरकी राहिली तर काय बिघडतं? साध्या पडद्याचं काही बिघडत नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टणातली ती स्प्रिंग दोन हुकांना ताणून तिच्यावर लटकवलेला पडदा आपण वर्षानुवर्षं वापरला. तो मधोमध ओघळायचा, पण बिचाऱ्याने तक्रार केली नाही. गुंडाळीच्या पडद्याला मात्र तिरकेपणा सोसत नाही. पहिल्या वेढ्याला कापड केसभर एका बाजूला जातं. प्रत्येक वेढ्याला तोच केस वाढत जातो, आणि पडदा पुरता वर जाईपर्यंत कापडाची कड ब्रॅकेटला घासायला लागते. चार महिन्यांत तिथे दशा निघतात. पहिल्या दिवशी कोणाला काही दिसत नाही, हीच त्यातली मेख.

म्हणजे परिस्थिती अशी, की भिंत वाकडी आहे आणि तिला 'सरळ हो' म्हणायची सोय नाही. दांडी सरळच राहिली पाहिजे. मग या दोघांच्या मध्ये कोणीतरी सरकायला हवं, आणि ज्याच्या अंगी खाच आहे तोच सरकतो. इथपर्यंत पत्र्याचं ठीक आहे. माणसांत मात्र मला हा प्रश्न फार दिवस छळतो आहे: ज्याला सरकता येतं, दर वेळी त्यानेच सरकायचं का?

प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची गोष्ट सांगितली आहे. त्यांच्याकडे मापाची पट्टी शिशाची असे. दगड वेडावाकडा असला की पट्टी त्याच्या अंगासरशी वाकायची. ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सर्वांसाठी एकच केलेला असतो, पण एखादं प्रकरण असं येतं की तिथे कायदा जसाच्या तसा लावला तर अन्याय होईल. अशा वेळी त्या शिशाच्या पट्टीसारखं वाकणं हाच न्याय. हे वाचून मला बरं वाटलं, आणि लगेच शंकाही आली. प्रत्येक दगडापुढे वाकणारी पट्टी शेवटी मोजणार काय? ब्रॅकेटचं तसं नाही. ते भिंतीपुढे सरकतं, पण दांडीची पातळी राहावी म्हणून. उद्या भिंतीचं मन राखण्यासाठी ते दांडीच तिरकी करू लागलं, तर त्याला समजूतदार म्हणायचं की गुळमुळीत?

या पडद्याच्या पोटात आणखी एक मौज आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हल्ली मण्यांची साखळी ओढून वरखाली करायचे पडदे आले, पण त्यांच्या आधीचा पडदा स्प्रिंगचा. स्टुअर्ट हार्टशॉर्न नावाच्या अमेरिकन माणसाने त्याचं पेटंट १८६४ साली घेतलं. आत पोकळ दांडी आणि पोकळीत स्प्रिंग. दांडीच्या एका टोकाला गोल खिळा. तो ब्रॅकेटच्या गोल भोकात मजेत फिरतो. दुसऱ्या टोकाला चपटी पट्टी. ती ब्रॅकेटच्या खाचेत जाऊन बसते आणि काही केल्या फिरत नाही. पडदा खाली ओढला की दांडी फिरते, ती पट्टी अडून बसते, म्हणून स्प्रिंगला पीळ बसतो, आणि त्या पिळाच्या जोरावर पडदा पुन्हा वर जातो. दोन्ही टोकं सारखीच फिरती असती, तर खाली आलेला पडदा कायमचा खाली राहिला असता. सगळी उमेद त्या एका अडेलतट्टू पट्टीत आहे. शिवाय आत एक लहानसा अडकणा असतो. पडदा हळूच सोडला तर तो दातात पडून पडदा आहे तिथे थांबतो. हिसका देऊन सोडला तर अडकण्याला पडायला सवडच मिळत नाही आणि पडदा फाडदिशी वर जातो. आमच्या ओळखीची दोन-तीन माणसं नेमकी याच तत्त्वावर चालतात.

सरकणाऱ्या माणसांची बाजू घेऊन मी बोलतो आहे असं वाटेल, तर तसंही नाही. त्यांच्यातही दोन जाती आहेत. माझी एक आत्या होती. पाहुणी म्हणून आली की उंबऱ्यातच सांगायची, "माझं काही नाही हो, मी मोरीपाशीसुद्धा पडेन." हे वाक्य एवढ्या मोठ्याने आणि इतक्यांदा व्हायचं की रात्रीपर्यंत घरातला एकुलता एक पलंग तिच्याकडे, गादी तिच्याकडे, आणि आम्ही पोरं मोरीपाशी. ॲडजस्ट होण्याच्या धाकावर घर चालवणारी अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. खरं सरकणारा आवाज करत नाही. त्याने सरकून घेतलं हे इतरांना कळतच नाही, आणि म्हणून त्याच्या खाचेत आणखी किती जागा उरली आहे, याचा हिशेबही कोणी ठेवत नाही.

आमच्या वहिनी या दुसऱ्या जातीच्या. दादाचं लग्न झालं तेव्हापासून दादरच्या दोन खोल्यांत सासू, सासरे, मी धरून दोन दीर आणि गावाहून शिकायला आलेला एक भाचा, एवढ्यांना सांभाळून त्यांनी संसार केला. आमच्या आईने त्यांना 'समजूतदार' ही पदवी दिली. ही पदवी फार महाग पडते. समजूतदार माणसाला तुटका कप चालतो, करपलेली पोळी चालते, सिनेमाचं तिकीट एक कमी पडलं तर घरी थांबायलाही चालतं. लाडू वाटताना शेवटच्या दोघांत एकच उरला, तर आई न बघताच तो दुसऱ्याच्या हातावर ठेवायची.

तर त्या घरात रोलर पडदा लागला त्याची हकीकत. वहिनींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुपारचं ऊन त्यांना सोसेना. पश्चिमेची खिडकी आणि खिडकीखालीच त्यांची कॉट. उलट दादाला त्याच खिडकीचा उजेड हवा, कारण जेवण झालं की तो पेपर वाचतो. पेपर म्हणजे संपूर्ण पेपर, टेंडर नोटिसांसकट. पडदा असा हवा की पाहिजे त्या उंचीवर थांबेल, म्हणून रोलर आणला. मिस्त्री आला. त्याने भोकं पाडली, रावळप्लग ठोकले, ब्रॅकेटं लावली आणि दांडीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. त्याने उजवीकडचा स्क्रू ढिला केला, ब्रॅकेट सुताभर वर घेतलं, बुडबुडा मधे येऊन उभा राहिला. आता तो स्क्रू आवळणार, एवढ्यात दादा म्हणाला, "अहो, ॲडजस्टेबल आहे ना ते? मग जरा सैलच ठेवा. पुढेमागे हलवायला बरं."

मिस्त्रीने पेचकस न थांबवता सांगितलं, "सैल ठेवलं की त्याला ॲडजस्टेबल म्हणत नाहीत, काका. त्याला पडणार म्हणतात. हे एकदा सरकवायचं आणि मग पक्कं आवळायचं."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण मिस्त्रीच्या बशीत त्यांनी दोन बिस्किटं जास्त ठेवली, हे मी पाहिलं.

पडदा कुठे थांबवायचा यावर दादाने लगेच तोडगा काढला: निम्मा. अर्धा तुझा, अर्धा माझा. यापेक्षा न्यायाची वाटणी कोणती? वाटणी चोख होती. फक्त निम्म्या पडद्याखालून येणारं दोनचं ऊन नेमकं उशीवर पडायचं. दादाच्या खुर्चीला निम्म्यातही पुरेसा उजेड मिळायचा. मी एकदा दुपारी गेलो तर वहिनींनी उशी कॉटच्या पायथ्याशी नेली होती आणि ऊन पायांवर घेऊन त्या झोपल्या होत्या. "बरंच झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या, "पाय शेकतात." वयाच्या सत्तरीलाही खाचेत एवढी जागा शिल्लक होती. तडजोडीचा बिंदू मधोमध असला म्हणजे तिचा खर्चही निम्मानिम्मा होतो, असं आपण धरून चालतो. खर्च कोणी मोजायला जात नाही. पडदा मधे दिसतो, तेवढ्यावर सगळे खूश.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. जेवणं आटोपली होती, दादाने चष्मा पुसून पेपर उघडला होता. वहिनी आल्या, साखळी धरली आणि पडदा सावकाश थेट खिडकीच्या कट्ट्यापर्यंत खाली आणला. खोलीत छान सावली झाली. दादा म्हणाला, "अगं, हे काय? निम्मा ठरला होता ना?"

"दोन ते चार एवढा राहील," वहिनी म्हणाल्या. "चारला मी वर करीन."

आवाज नेहमीचाच होता, चहा देऊ का विचारताना असतो तसा. दादाने माझ्याकडे पाहिलं. क्रिकेटमधला गोलंदाज पंचाकडे बघतो तसं. मी सुपारी कातरत होतो, ती कातरत राहिलो. पाचएक मिनिटं पेपर नुसताच फडफडला. मग दादा उठला, खुर्ची उचलली आणि गॅलरीत जाऊन बसला.

आता तो रोज तिथेच बसतो. गॅलरीत वारा किती छान येतो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि ही जागा आपल्याला आधी कशी सुचली नाही, म्हणून आश्चर्य करतो. उशी परत खिडकीकडच्या बाजूला गेली आहे. हिवाळ्यात पायांना ऊन मिळत नाही, एवढी एक तक्रार वहिनी अधूनमधून करतात.