रिकामी मूठ

मुक्या जनावराशी खोटे बोलता येते काय? प्रश्न पोरकट वाटेल. खोटे बोलायला भाषा लागते, ऐकणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळावा लागतो. मग जनावराच्या बाबतीत खऱ्या-खोट्याचा प्रश्न येतोच कुठे, असे कुणीही म्हणेल. पण शिकवणे हाच ज्यांचा पेशा आहे, त्यांना हा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही असे मला वाटते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एक आई आपल्या लहान मुलाला ‘ये, तुला काही देते’ असे म्हणून हाक मारते. पैगंबर (स.) तिथेच बसलेले असतात. ‘काय देणार होतीस?’ असे ते विचारतात. ती म्हणते, खजूर. त्यावर ते सांगतात, तू काही दिले नसतेस तर हे एक खोटे तुझ्या नावावर लिहिले गेले असते. दुसरी एक कथा मदरशांतून सांगितली जाते. हदीस गोळा करणारा एक विद्वान लांबचा प्रवास करून एका माणसाकडे जातो. तो माणूस रिकामी झोळी पुढे धरून, तिच्यात दाणे असल्याचे भासवून घोड्याला जवळ बोलावत असतो. विद्वान एक शब्दही न विचारता परत फिरतो. जो जनावराला फसवतो त्याच्या तोंडची हदीस घ्यायची कशी? कथा घडली की नाही, हा इतिहासाचा प्रश्न झाला. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, हे मला महत्त्वाचे वाटते.

हे सारे आठवायचे कारण एक छोटे कुत्रे. माझ्या थोरल्या भावाच्या एका मित्राची बदली झाली आणि त्याचे पॉमेरियन भावाच्या अंगणात आले. (आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जे विकले जाते, ते बहुधा इंडियन स्पिट्झ असते.) मुस्लिम घरात कुत्रे म्हटल्यावर जे व्हायचे ते झाले. ‘फरिश्ते आते नै घर में,’ असे अम्मीने बजावले. भावाने फिकहची पुस्तके काढली. मालिकी मताप्रमाणे जिवंत कुत्रे पाकच, हनफींचा आक्षेप मुख्यतः लाळेला, शाफईंचा नियम सर्वांत कडक. शेवटी कुत्र्याने उंबरठ्याच्या आत यायचे नाही, असे ठरले. हा वाद जुना आहे आणि मला इथे त्याचा निवाडा करायचा नाही.

सहावीतल्या माझ्या भाच्याने त्याला शिकवायला घेतले. रीत सोपी आहे. उकडलेल्या कलेजीचा वाटाण्याएवढा तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकाजवळ न्यायचा आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवायचा. मान वर जाते तशी मागची बाजू आपोआप खाली टेकते. टेकल्या क्षणी तुकडा द्यायचा. उशीर केला तर ते उठून उभे राहते आणि बक्षीस उभे राहण्याला मिळते. कुत्रे लहान असेल तर आपणही जमिनीवर बसावे. हात उंच राहिला की ते बसायचे सोडून उड्या मारते. पाच मिनिटांवर ताणू नये. बी.एड.ला पाव्हलॉव्ह, थॉर्नडाइक, स्किनर परीक्षेपुरते पाठ केलेले असतात. इथे ते अंगणात दिसतात. स्किनरने १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये घरच्या कुत्र्याला कसे शिकवावे यावर लेखच लिहिला होता.

पुढची पायरी मात्र अवघड. कुत्रे जन्मभर कलेजीच्या मागे फिरू नये म्हणून आता तोच हात तसाच, पण रिकामा फिरवायचा असतो. भाचा रिकामी मूठ फिरवू लागला तेव्हा अम्मी खाटेवरून ओरडली, ‘झूट मत बोल रे उसको!’ ज्या जनावराला ती दारात उभे करत नव्हती, त्याच्या वतीने ती बोलली. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस तिला ठाऊक आहे. अपवित्र मानणे आणि हक्क नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या अनेक शिकलेल्या माणसांपेक्षा तिला चांगले कळते.

भाच्याचे उत्तरही बिनतोड होते. कुत्रे बसल्यावर त्याने दुसऱ्या हाताने खिशातला तुकडा काढून दिला. मूठ रिकामी, पण वायदा पुरा. मूठ आता आमिष राहिली नव्हती, खूण झाली होती. खोटे मुठीत नसते, नंतर काय होते त्यात असते. म्हणूनच ‘ये’ म्हणून बोलावून कुत्र्याला मारू नये, असे जाणकार सांगतात. दोनदा तसे झाले की ‘ये’ हा शब्द मेला. ‘ये बाळ, काही करत नाही’ म्हणून जवळ बोलावून कान पिळण्याची रीत शाळांतही होती. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी केली. त्या शब्दातल्या खोट्यावर कुठले कलम लागणार?

बाराव्या शतकातल्या मरगिनानींच्या ‘हिदाया’त शिकारी जनावर शिकले हे कशावरून ओळखावे, याची चर्चा आहे. बहिरी ससाणा मुळात रानटी, म्हणून हाकेला परतला की तो शिकला. कुत्रा माणसाळलेलाच असतो, झडप घालून खाणे ही त्याची सवय. म्हणून पकडलेली शिकार तीनदा न खाता सोडली की तो शिकला. ज्याची जी सवय, ती सुटणे म्हणजे शिक्षण. भाच्याचे कुत्रेही आता फरशीवरचा तुकडा ‘छोड’ म्हटल्यावर सोडते आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसते. त्या बघण्यात भरवसा असतो. शिकणाऱ्याची कसोटी ग्रंथात आहे; शिकवणाऱ्याची कोणती सवय सुटावी?

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून, अंदाज येणार नाही असे दिले तर सवय अधिक चिवट होते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली विस्ताराने मांडले. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर माणसाला धरून ठेवते. कुत्रे दहा वेळा बसते, तुकडा तीनदाच मिळतो, तरी ते बसतच राहते. याला फसवणूक म्हणावे का? कुत्र्याच्या बाबतीत मी नाही म्हणेन, कारण त्याचे पोट, अंगण आणि माया या तुकड्यावर अवलंबून नाहीत.

पण उर्दू माध्यमाच्या नववीच्या वर्गात ‘पढोगे तो नौकरी मिलेगी’ असे सांगितले जाते, तेव्हा मुठीत काय असते? मोहल्ल्यातल्या एखाद्याला लागते नोकरी. त्या एकाचे नाव दहा वर्षे पुरते आणि बाकीची मुले बसत राहतात. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘टीचर, सबको मिलेगी?’ या वर्गात मी नोकरीचे नाव घेत नाही. बँकेतला अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागणार नाही, एवढे सांगते. शुक्रवारी शेवटच्या तासाला मराठी अर्जाचे कोरे कागद वाटते आणि तो त्यांच्याकडून भरून घेते.