सोबत्यांत असेल असे समजून

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२



शास्त्रभाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. ज्या वाक्यावरून इतर वाचक सहज पुढे जातात, तेथे तो अडखळतो. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मी असा अनेक वर्षे अडखळत आलो आहे. वल्हांडण सण आटोपून नासरेथकर परतीच्या वाटेला लागले. बारा वर्षांचा येशू मागे येरुशलेमेत राहिला आणि आईबापांना त्याचा पत्ता नव्हता. का नव्हता? लूक त्याचे कारण देतो. तो वाटेच्या सोबत्यांत असेल असे त्यांनी धरून चालले होते. मूळ ग्रीक शब्द 'सुनोदिया', म्हणजे एका वाटेने बरोबर जाणाऱ्यांचा तांडा. ज्याने पंढरीच्या वाटेवरची दिंडी पाहिली आहे त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पोरे एकदा मावशीबरोबर असतात, एकदा शेजाऱ्यांच्या बैलगाडीत असतात. संध्याकाळी मुक्कामाला सर्व एकत्र येतात. मरीया आणि योसेफ निष्काळजी होते असे लूक कोठेही म्हणत नाही. ते भाविक होते, दरवर्षी सणाला जाणारे होते. मुलगा भाविकांच्या घोळक्यात आहे, तेव्हा तो सुखरूप आहे, असे त्यांना वाटले. एक अख्ख्या दिवसाची मजल त्यांनी या समजुतीवर मारली.

बंधुभगिनींनो, आपली मंडळी किती दिवसांची मजल मारून बसली आहे?

या उताऱ्यातील आणखी एक लहानशी गोष्ट सांगतो. चाळिसाव्या वचनात लूक येशूला 'पैदियोन' म्हणतो, म्हणजे लहान मूल, बाळ. त्रेचाळिसाव्या वचनात तो 'पैस' म्हणतो, म्हणजे मुलगा. मध्ये केवळ बारा वर्षांचा उल्लेख आहे. बाळ मागे पडले आणि दुसरेच कोणी पुढे आले, एवढे तो एका शब्दाच्या बदलाने दाखवतो. मराठीत आपण या वयाला पुस्तकी भाषेत पौगंडावस्था म्हणतो आणि घरात 'पोरसवदा' म्हणतो. मला घरातला शब्द अधिक आवडतो. त्यात पोर आहे आणि पोर नाही असेही आहे.

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या एका बैठकीसाठी मी बंगळुरास गेलो होतो. बैठक संपल्यावर एका स्नेह्याबरोबर चामराजपेटेत जाण्याचा योग आला. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने १८९२ साली वसवलेली ही जुनी पेठ. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू येथेच आहे. एका अंगाला गजबजलेले सिटी मार्केट, थोड्या अंतरावर रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक. घर सोडून पळालेले मूल रेल्वेतून उतरले की ज्या भागात पोट भरायला येते, तो हा भाग. रस्त्यावरील मुलांसाठी १९८० पासून काम करणाऱ्या सेलेशियन बंधूंच्या 'बॉस्को' संस्थेचे एक घर या पेठेत आहे. त्याला 'बॉस्को मने' म्हणतात. 'मने' म्हणजे कन्नडमध्ये घर.

तेथे एक मराठी बोलणारा मुलगा होता. ओळख पटेल असे तपशील मी बदलून सांगत आहे. वय चौदाच्या आसपास. कन्नड येत नव्हते, हिंदी तोडकीमोडकी. तुम्ही मराठी आहात, जरा त्याच्याशी बोला, असे मला सांगण्यात आले. मी बसलो आणि विचारू लागलो : तुझे नाव काय, वडिलांचे नाव काय, गाव कोणते, शाळा का सोडलीस. जनगणनेला आलेल्या माणसासारखे माझे प्रश्न होते, हे आता लिहिताना ध्यानात येते. त्याने तीन जणांना तीन नावे सांगितली होती. मला त्याने एकही सांगितले नाही. हॉटेलात कपबश्या विसळायला होतो तिथे 'बारक्या' म्हणत, तेच म्हणा, एवढे बोलून तो भिंतीकडे पाहत राहिला. मग एकदम मान वर करून, काहीशा ऐटीने म्हणाला, "मी पाकीट मारतो."

त्या ऐटीचे मला फार वाईट वाटले. मनात एक छोटे प्रवचनही तयार झाले. तेवढ्यात तेथील एका कार्यकर्त्याने त्याला कॅरम खेळायला हाक मारली आणि मलाही बसवले. सुमारे तासभर आम्ही खेळलो. मी फार वाईट खेळतो. त्या तासात कोणी कोणाला काही विचारले नाही, आणि त्या तासानंतर तो आपणहून बोलू लागला.

हे चुकून घडलेले नव्हते. त्यामागे एक विचार होता. तो विचार आपल्या मंडळ्यांतील पाळक, संडे स्कूलचे शिक्षक आणि आईवडील यांना ठाऊक असावा, यासाठी हा लेख.

एरिक एरिक्सन (१९०२-१९९४) या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मनुष्याच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतला पाचवा टप्पा या पोरसवदा वयाचा. या वयाचे मुख्य काम म्हणजे 'मी कोण' याचे उत्तर शोधणे. ते सापडले नाही तर सर्व भूमिकांचा गोंधळ उडतो. एरिक्सन स्वतः या प्रश्नात वाढला होता. आपला जन्मदाता कोण हे त्याला कधीच कळले नाही. सावत्र वडिलांचे आडनाव त्याला मिळाले. शाळेत तो यहूदी म्हणून हिणवला गेला आणि सभास्थानात परराष्ट्रीयासारखा दिसतो म्हणून. पुढे अमेरिकेचा नागरिक होताना, १९३९ साली, त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतले. त्याचे एक निरीक्षण मला त्या पाकीटमाराच्या ऐटीसमोर आठवले. ज्या मुलाला चांगली ओळख कोणीच देत नाही, तो 'कोणीच नाही' होण्यापेक्षा वाईट ओळख पत्करतो. समाज ज्याला चोर म्हणतो तो चोर होऊन तरी तो 'कोणीतरी' होतो. अशा मुलाला 'चोरी हे पाप आहे' एवढेच सांगितले तर आपण त्याच्या हातची एकमेव ओळख काढून घेतो आणि बदल्यात काही देत नाही. चोरी पाप आहे, यात शंका नाही. पण प्रभूने जक्कयाला झाडावरून खाली बोलावताना प्रथम काय केले? त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी उतरण्याची गोष्ट काढली. पैसे परत करण्याचे जक्कयाच नंतर बोलला.

आता पुन्हा मंदिरात जाऊ. मरीया येशूला म्हणते की, तुझा पिता आणि मी तुला कष्टी होऊन शोधत होतो. उत्तरात येशू 'पिता' हाच शब्द घेतो, पण 'माझा पिता' म्हणून, आणि तो योसेफाविषयी बोलत नसतो. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडची ही वाक्ये. शुभवर्तमानात लिहिलेले त्याचे हे पहिलेच शब्द आहेत, आणि ते तो कोणाचा आहे याविषयी आहेत. भाषांतरकाराची अडचण अशी की, मूळ वाक्यात 'घर' हा शब्द नाहीच. 'माझ्या पित्याच्या… मध्ये मी असावे' एवढेच ग्रीकमध्ये आहे; पुढे घर लिहा, कार्य लिहा. बहुतेक भाषांतरे घर लिहितात, आणि चामराजपेटेतल्या त्या पाटीवरचा 'मने' हा शब्द पाहिल्यापासून माझाही कल तिकडेच आहे.

आईबापांना त्याचे म्हणणे समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. पवित्र कुटुंबातसुद्धा त्या वयाचे बोलणे समजले नाही! तुमच्या घरातील सोळा वर्षांचा मुलगा काय बोलतो ते तुम्हांला कळत नसेल तर तुम्ही चांगल्या सोबतीत आहात. मात्र मरीयेने न समजलेले बोलणे टाकून दिले नाही, अंतःकरणात ठेवले. आणि तो त्यांच्याबरोबर नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. स्वतःची ओळख सापडल्यावर आज्ञापालन आले, हा क्रम आपण ध्यानात घ्यावा. आपण बहुधा उलट क्रमाने मागतो.

आणखी एका संशोधनाचा उल्लेख करतो, कारण त्याने माझी स्वतःची एक समजूत मोडली. वाईट मुलांना अक्कल कमी असते, असे मला वाटे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोटार चालवण्याचा पडद्यावरील खेळ निरनिराळ्या वयाच्या लोकांना दिला. कधी एकट्याने, कधी मित्र शेजारी बसवून. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मित्रांदेखत सुमारे दुप्पट धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांत मित्र असो वा नसो, फरक पडला नाही. एकटा असताना तोच मुलगा बऱ्यापैकी विचार करीत होता. म्हणजे या वयात मित्रांचे डोळे हीच मोठी शक्ती आहे. म्हणून अशा मुलाला चार मुलांसमोर उभे करून रागावू नये. तेथे तो मित्रांसाठी वागतो, तुमच्यासाठी नव्हे. आणि म्हणूनच कॅरमचा पट. मुलाला सोबती तोडून मिळत नाही, नवे सोबती देऊनच मिळतो.

हे शास्त्र जन्मण्यापूर्वी, ८ डिसेंबर १८४१ रोजी, इटलीतील तुरीन नगरात एका तरुण याजकापुढे असाच प्रसंग आला. जॉन बॉस्को मिस्सा अर्पण करण्याच्या तयारीत असताना मंदिरसेवकाने बार्थोलोमिओ गारेल्ली या अनाथ पोराला मारून हाकलले. बॉस्कोने त्याला परत बोलावले. लिहिता येते का, प्रार्थना येते का, सर्वांना 'नाही' हे उत्तर मिळाले. शेवटी त्याने विचारले, तुला शीळ घालता येते का? पोरगा हसला. त्या हसण्यापासून सेलेशियन कार्याचा आरंभ मानतात. आम्ही प्रोटेस्टंट लोक अशा कथा वाचून पुढे जातो. माझे मत असे की, आमच्या संडे स्कूलच्या शिक्षकांना ही कथा पाठ असावी.

सिद्धान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. या वयाला स्वतःला चाचपून पाहण्यासाठी मोकळा काळ मिळावा असे एरिक्सन म्हणतो. नऊ वर्षांच्या वयापासून ज्याने कपबश्या विसळल्या त्याला हा मोकळा काळ कोण देणार? आणि ज्या मुली आपल्याकडे बाराव्या वर्षी विधवा होत, त्यांना तर 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर समाज केस कापून देत असे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ति सदन उभे केले, ते अशाच वयाच्या मुलींसाठी. रमाबाई स्वतः सोळाव्या वर्षी दुष्काळात आईवडिलांना मुकल्या होत्या. त्यांनी एरिक्सन वाचलेला असणे शक्य नव्हते. पण त्यांनी मुलींच्या हातात काम दिले, आणि रमाबाईंनी केलेल्या शास्त्रभाषांतराचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात याच मुलींनी जुळवले. मी ज्या परंपरेत काम करतो तिचा हा भाग मला फार मोलाचा वाटतो. समाजकार्याचे शिक्षण हिंदुस्थानात आणण्यातही आपल्याच मिशनचा हात होता. मुंबईत नागपाड्याला काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक. तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'मने'त गेलो. बारक्याने विचारले, तुम्ही काय काम करता? मी म्हणालो, जुन्या पुस्तकातल्या गोष्टी मराठीत आणतो. सध्या कोणती? मी त्याला लूकची गोष्ट सांगितली, मुलगा हरवतो, तीन दिवसांनी सापडतो. तो सोंगटी धरून थांबला.

"सापडल्यावर बापानं लई मारलं असंल."

मी म्हणालो, मारल्याचे लिहिलेले नाही.

"लिवलं नसंल."

त्यानंतर मी तो उतारा पुन्हा वाचला. योसेफ त्यात एक शब्दही बोलत नाही. मरीया विचारते, तू आमच्याशी असे का वागलास? तो खरा प्रश्न आहे, कारण ती उत्तर ऐकून घेते. आमच्या किती घरांत हा प्रश्न हात उगारून विचारला जातो, हे आम्हांला ठाऊक आहे. ख्रिस्ती घरे यांतून सुटलेली नाहीत. पौलाने कलस्सैकरांस पत्र लिहिताना बापांना बजावले आहे की, मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचतील. तेथील ग्रीक शब्दाचा अर्थ अंगातला जीव निघून जाणे असा घ्यावा लागतो.

पाळकसाहेबांस व वडील मंडळींस विनंती आहे. पुढच्या रविवारी उपासनेपूर्वी मागील तीन वर्षांतील दृढीकरणाच्या वर्गांची नोंदवही काढावी. ज्यांची नावे वहीत आहेत आणि जे बाकांवर दिसत नाहीत, ते सोबत्यांत आहेत असे समजू नये. दोघांनी मिळून त्यांच्या घरी जावे, पहिल्या भेटीत उपासनेला का येत नाहीस हे विचारू नये. घरातून निघून गेलेले किंवा स्टेशनवर भटकणारे मूल आढळले तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, म्हणून परस्पर घरी ठेवून घेऊ नये.

आणि शक्य असेल तर मंडळीच्या सभागृहात एक कॅरम ठेवावा.