जमिनीखालचा शेजारी

जालना जिल्ह्यात शेतीच्या थ्री फेज विजेचे तास ठरलेले असतात. कधी दिवसा, कधी मध्यरात्री. काळोखात विंचूकाट्याचे भय बाळगत विहिरीपर्यंत जाण्यापेक्षा शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. यात गैर ते काय? परंतु एका रोहित्रावरचे सगळेच पंप एकाच क्षणी सुरू झाले, की त्या भाराने डीपी जळते आणि मग कित्येक दिवस कुणाच्याच पिकाला पाणी मिळत नाही. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा, आणि सर्वांचा मिळून अनर्थ! दोष कुणाच्या माथी मारायचा?

आपली पापाची कल्पना एकेका माणसाभोवती रचलेली आहे : त्याचा हेतू, त्याचे ज्ञान, त्याची संमती. येथे हेतू निर्मळ आहे. उणीव आहे ती ज्ञानाची. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाची फोड करून ठेवली आहे. जे कळणे शक्यच नव्हते, त्याचा दोष नाही. जे जाणून घेणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, त्याचा दोष लागतो. मग शेजारी या घडीला किती पाणी उपसत आहे, हे जाणून घेणे माझे कर्तव्य आहे काय?

डीपी जळालेली निदान डोळ्यांना दिसते. भूजलाचे तसे नाही. या भूमीखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. बांध जमिनीवर असतात, खाली नसतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळू लागल्या, तेव्हा झाडे वाचवण्यासाठी अनेकांनी बोअर घेतले. आपल्या बोअरला लागलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून तर ओसरले नाही ना, हे विचारण्याची ती वेळच नव्हती. उत्पत्तीच्या पुस्तकातला इसहाक भांडणाच्या दोन विहिरी सोडून पुढे गेला आणि त्याने तिसरी खणली. त्याच्यापुढे मोकळी भूमी होती. बदनापूरच्या तीन एकरवाल्यापुढे ती नाही.

माहिती पुरवली की लोक शहाणे होतील, अशी एक भाबडी समजूत आहे. पाणी संपत आले, हे कळलेला माणूस आधी काय करतो? तो घाईने उपसतो. पावसाचे वाहते पाणी साठवण्यासाठी असलेले शेततळे तो विहिरीच्या पाण्याने भरतो आणि खाली प्लास्टिकचे अस्तर असते म्हणून निश्चिंत होतो. सर्वांचे पाणी अशा रीतीने एकाचे होते. शेजाऱ्याविषयी खात्री नसेल, तर माहितीने शर्यत अधिकच वेग घेते.

कडवंची गावाने एकजुटीने पाणलोटाचे काम केले आणि माळावर द्राक्षबागा उभ्या केल्या, ही जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. मात्र पाणी अडवणे आणि पाणी उपसणे ही दोन निराळी कर्मे होत. पहिल्यात हात एकत्र येतात; दुसऱ्यात ज्याचे बटण त्याच्या हाती.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात सांगितले, की लहान समुदायाला जे साधते ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. या तत्त्वाचा अर्थ ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ असा घेतला जातो, तो मला मान्य नाही. ते तत्त्व समुदाय गृहीत धरते. सुट्या माणसांचा जमाव नव्हे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान आधी मान्य करावे लागे. ती निव्वळ माहिती नव्हती. एकमेकांसमोर दिलेला शब्द होता.

उपशाविषयी असा शब्द देणे कठीण आहे. चोरून चरणारी शेळी दिसते, खोल बोअरमधला पाणबुडी पंप दिसत नाही. तरीही कोणत्या महिन्यानंतर कुणी किती तास उपसायचे, हा विषय ग्रामसभेत यायला हवा. आणि तो ऑक्टोबरात यावा, विहिरी भरलेल्या असताना. फेब्रुवारीत जो तो आपल्या बागेकडे पाहू लागलेला असतो.