तुलना आणि मानकषाय

स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहण्याची सवय जैन आणि बौद्ध या श्रमण परंपरांनी साधा स्वभावदोष मानून सोडून दिली नाही. बंधनाचे एक कारण म्हणून ती बारकाईने तपासली. जैन दर्शनानुसार क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय जीवाला कर्माने बांधतात. त्यांतला मान दुसऱ्यावाचून उभाच राहू शकत नाही. लोभ एकट्यालाही सुटतो. मोठेपणाला मात्र शेजारी कुणीतरी लहान लागतो. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मदाचे, म्हणजे मानाचेच, आठ आधार सांगितले आहेत: ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. त्यात तपही आहे, आणि हेच या यादीतले सर्वांत मर्मग्राही निरीक्षण म्हणावे लागेल. घरदार सोडून निघालेल्या माणसालाही आपले उपवास दुसऱ्याच्या उपवासांशेजारी मांडून पाहावेसे वाटतात.

बाहुबलीची कथा याच जागी बोट ठेवते. श्वेतांबर परंपरेत, विशेषतः हेमचंद्राच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त, ती अशी येते: थोरला भाऊ भरत याच्याशी झालेल्या द्वंद्वात बाहुबलीने मारण्यासाठी उगारलेली मूठ आपल्याच मस्तकाकडे वळवली, केस उपटले आणि राज्याचा त्याग केला. पिता ऋषभदेव यांच्याकडे मात्र तो गेला नाही. त्याच्या धाकट्या भावांनी आधीच दीक्षा घेतली होती. मुनिसंघात ज्येष्ठता दीक्षेवरून ठरत असल्यामुळे तिथे गेल्यावर त्यांना वंदन करावे लागणार होते. म्हणून केवलज्ञान, म्हणजे सर्वज्ञता, मिळवूनच जायचे ठरवून तो वर्षभर एका जागी उभा राहिला. अंगावर वेली चढल्या, पण ज्ञान होईना. अखेर ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि हत्तीवरून खाली उतर, एवढेच त्याला सांगून गेल्या. तो तर जमिनीवर उभा होता. कोणता हत्ती, हे उमगताच भावांना वंदन करायला जाण्यासाठी त्याने पाऊल उचलले आणि त्याच क्षणी त्याला केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत त्याच्या मनातले शल्य वेगळे सांगितले आहे. श्रवणबेळगोळची इ. स. 981च्या सुमाराची 57 फुटी मूर्ती त्या परंपरेतली.

राज्य सोडणे बाहुबलीला जमले, वयाचा मान सोडणे जमले नाही. त्यागानंतरही तुलना टिकते, कारण ती वस्तूंवर पोसलेली नसते.

बौद्ध विश्लेषण याहून पुढे जाते. पाली ग्रंथांत मानाचे तीन प्रकार येतात: मी श्रेष्ठ, मी समान आणि मी हीन. पहिला अहंकार आहे हे कुणालाही पटेल. तिसऱ्याला लोक नम्रता समजतात. पण स्वतःला सतत कमी लेखणाराही स्वतःलाच केंद्रस्थानी ठेवून इतरांकडे पाहत असतो. दुसरा प्रकार सर्वांत अनपेक्षित आहे, कारण बरोबरीची भावना निर्दोष वाटते. अभिधम्मात हे तिन्ही प्रकार प्रत्यक्ष श्रेष्ठ, समान आणि हीन अशा व्यक्तींना लावून मानाचे नऊ भेद केले आहेत. म्हणजे जो खरोखरच श्रेष्ठ आहे त्याचे ‘मी श्रेष्ठ’ हेही मानच. निष्कर्ष खरा की खोटा, हा येथे मुद्दा नाही. मोजायला बसणे हाच दोष आहे. माणसाला जखडून ठेवणाऱ्या दहा संयोजनांपैकी (बंधनांपैकी) मान शेवटच्या पाचांत मोडतो आणि अर्हतपदाला, म्हणजे मुक्तीच्या अखेरच्या टप्प्यावरच, पूर्णपणे तुटतो. आत्म्याविषयीची चुकीची दृष्टी स्रोतापन्न या पहिल्याच टप्प्यावर सुटते, मोजण्याची खोड मात्र इतकी चिवट आहे.

यावर सांगितलेला अभ्यास म्हणजे मुदिता, दुसऱ्याच्या चांगल्याने होणारा आनंद. बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत ती आहे, आणि पतंजलीच्या योगसूत्रांतही पुण्यवंतांविषयी मुदिताच बाळगायला सांगितली आहे. ॲरिस्टॉटलने मत्सर आणि ईर्षा यांत केलेला भेद अधिक व्यवहारी आहे: मत्सरी माणसाला शेजाऱ्याचे चांगले त्याच्याकडे नको असते, ईर्षा धरणारा त्यासाठी स्वतःला लायक करू पाहतो. तरीही ईर्षेत मोजमाप शिल्लक राहतेच.

मग अन्यायाविरुद्ध मागितलेली समताही मानच ठरते का? हा आक्षेप गंभीर आहे. आपल्याला नाकारलेले दुसऱ्याला मिळते, हे तुलनेवाचून कळणारच नाही. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिच्यात तळाचे सोडून प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी असल्याचे समाधान मिळते, आणि म्हणून वरच्यांविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत. ही व्यवस्था ‘मी श्रेष्ठ’ आणि ‘मी हीन’ या दोन्ही मानांवरच उभी आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1924 साली केला, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्यायले. कोण कुणाच्या तोडीचा आहे, याचा निवाडा त्या कृतीने मागितला नव्हता. पाणी घेताना ती मोजणी मुळात व्हायलाच नको, एवढाच तिचा दावा होता. आणि बुद्धाने मानाविषयी जे सांगितले, त्याच्याशी हा दावा विसंगत नाही.