हरवलेल्या पिढीचा निवाडा

अख्ख्या पिढीला ‘हरवलेली’ ठरवण्याचा अधिकार कुणाला?

फ्रान्समधल्या एका गॅरेजमालकाने तरुण मेकॅनिकला झापताना ‘हरवलेली पिढी’ हे शब्द वापरले. अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनने ते पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सगळ्याच तरुणांना लावले, असे कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे सांगतो. तो स्वतः १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर जखमी झाला होता. १९२६ मधल्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ या कादंबरीच्या आरंभी त्याने स्टाइनचे वाक्य छापले, आणि त्याच्याच जोडीला बायबलच्या ‘उपदेशक’ ग्रंथातला उतारा: पिढ्यांच्या येण्याजाण्यातही टिकणाऱ्या पृथ्वीविषयीचा. निवाड्याला दिलेले हे उत्तरच म्हणायला हवे.

शिवाय एकच इतिहास भोगलेली माणसे एकसारखी घडत नाहीत, हे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२८ मध्ये मांडले. त्याच महायुद्धातली १९१६ ची सोमची लढाई अनुभवलेला लेखक टोल्किन मात्र आयुष्यभर श्रद्धावान कॅथलिक राहिला.